जहाज आतनं बघितलंय का कुणी? जुन्या बंदरांचे अनुभव येऊ द्यात

करवीरवासी
कोल्हापूरच्या माणसाला जहाजाचं काय पडलंय असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो, मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत करवीर गादीकडं होते. आपलं आरमार होतं, आणि मालवणच्या बाजूनं जाताना इंग्रजांच्या व्यापारी जहाजांना घाम फुटायचा. १७६५ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी परत केला. १८१२ च्या तहात मात्र बंदर गेलं ते गेलंच. आता आपण काय करतो, होडीतनं किल्ल्यावर उतरतो, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतो, सोलकढी पितो आणि फोंडा घाटातनं घरी. किल्ला जागेवर हाय, पण त्या आरमारातलं एक गलबत बघायला मिळत नाही. तर जिथं जहाज जपून ठेवलंय अशा बंदरात गेलेल्यांनी लिहा. 'मस्त आहे, जाऊन या' एवढंच नको, आत काय दिसलं, कशाला कंटाळलात, कुठं पैसे वाया गेले तेही येऊ द्या.

कळंबा_रोड
हरिप्रियानं तिरुपतीला गेलो होतो, दर्शन झालं आणि घरच्यांना अरकू व्हॅलीचं आमिष दाखवून विशाखापट्टणमला नेलं, खरं कारण कुरसुरा. पाणबुडी आहे, १९६९ ला नेव्हीत आली, २००१ ला निवृत्त झाली, आणि २००२ पासून आर के बीचवर काँक्रीटच्या पायावर उभी आहे. एवढं ९१ मीटरचं धूड समुद्रातनं ओढून वाळूवर कसं आणलं असंल हा विचार बाहेरनंच डोक्यात बसतो. आत शिरल्यावर मात्र सगळी हवाच जाते. एका भागातनं दुसऱ्या भागात जायला गोल भोकं आहेत, त्यातनं आधी एक पाय टाकायचा, मग वाकून डोकं, मग उरलेलं अंग, आणि माझं उरलेलं अंग म्हणजे पांढरा रस्सा पिऊन वाढवलेलं, मागं रांग थांबलेली, बायको हसायला लागलेली. पुढच्या बाजूला टॉर्पेडो सोडायच्या सहा नळ्या आणि मागं चार. एकूण बावीस टॉर्पेडो घेऊन ही बया पाण्याखाली फिरायची, आणि त्यांच्याच शेजारी माणसांच्या झोपायच्या फळ्या. पंच्याहत्तर माणसं आणि स्वयंपाकघर आपल्या देवघराएवढं! गाईड नेव्हीतनं रिटायर झालेले होते, हिंदीत तेलुगू मिसळून बोलायचे, त्यांनी सांगितलं की पिण्याचं पाणी मोजून असायचं, त्यामुळं अंघोळीचा विषयच नाही. आमच्या पोराला हे एकदम पटलं.

एकच सांगतो, गर्दीच्या दिवशी मागनं ढकलत दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढतात, मग ते बघितल्यासारखं वाटत नाही. सुट्टीचा दिवस टाळा आणि गाईडला चिकटून चाला. समोरच टीयू १४२ विमानाचं म्युझियम आहे, ते २०१७ ला झालं, तेही भारी आहे. पण पाणबुडीतनं आल्यावर विमान फार ऐसपैस वाटतं, आणि तसं म्हटलं तर ती विमानं पाणबुड्याच हुडकायला होती. ७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली, अजून तिथंच तळाशी पडलीय.

व्ही_फिफ्टीन
माझी जखम उघडू नका रे. शाळेत असताना नेव्ही वीकला मुंबईला विक्रांत बघितलेली. आमच्यासारख्या, घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या पोरांना ते जहाज म्हणजे खासबाग मैदानाला छप्पर घालून पाण्यात सोडल्यागत. विमानं खालनं वर डेकवर न्यायची लिफ्ट तेवढी डोक्यात पक्की बसलीय. ६१ ला नेव्हीत आली, ७१ ला चितगाव, कॉक्स बाझारवर तिचीच विमानं गेली, ९७ ला रिटायर, २००१ पासून म्युझियम, २०१२ ला म्युझियम बंद आणि २०१४ ला भंगारात. पैसे नाहीत म्हणे. एवढ्या मोठ्या शहरात एक जहाज ठेवायला पैसे नाहीत! पुढं त्या भंगाराचं पोलाद घातलेली बजाजची व्ही गाडी आली, ती मी घेतली, अजून चालवतो, टाकीवर हात फिरवला की तेवढंच समाधान. कट्ट्यावरची पोरं 'विक्रांत आली' म्हणतात.

राजारामपुरीच्या काकू
लेकाकडं बॉस्टनला गेले होते तेव्हाचं लिहिते. तिथं फुटपाथवरनं लाल विटांची एक पट्टी जाते, कुठं कुठं नुसता रंग मारलेला, तिच्यावरनं चालत राहिलं की शहरातली जुनी ठिकाणं एकामागून एक येतात, साधारण चार किलोमीटर. रस्ता विचारावा लागत नाही हे मला फार आवडलं, आपल्याकडं भवानी मंडप, जुना राजवाडा, बिंदू चौक असं कुणीतरी करायला पाहिजे. वाटेत १७२३ चं चर्च लागतं, पॉल रिव्हिअरचं लाकडी घर लागतं, आणि पूल ओलांडून पलीकडं गेलं की जहाज. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन, १७९७ चं. तिकीट नाही, ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं, माझा पासपोर्ट बघितला. अजून ते अमेरिकन नेव्हीच्या पटावर आहे, त्यामुळं माहिती सांगायला खरे नोकरीतले खलाशी असतात. आमच्या वाट्याला आलेली पोरगी विशी-बाविशीची असेल, तोफा कशा भरायच्या, मागं कशा उसळायच्या ते हातवारे करून असं सांगत होती की मला निम्मं इंग्रजी कळलं नाही तरी सगळं कळलं. खालच्या मजल्यावर छत इतकं बुटकं की लेक वाकून आणि मी ताठ! १८१२ च्या लढाईत ब्रिटिशांचे गोळे ह्याच्या ओकच्या फळ्यांवरनं उडून पडले म्हणून लोखंडी जहाज असं टोपणनाव पडलं, आहे मात्र लाकडाचं. दर ४ जुलैला त्याला खाडीत फिरवून आणतात आणि तोफा उडवतात. जवळ बंकर हिलचा मनोरा आहे, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. हे गेले वर, मी खाली बसून घरनं नेलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले.

टीसाईडची_सून
काकू, तुमच्या कॉन्स्टिट्यूशनमुळं आमच्या जहाजाला उशीर झालाय! माझं माहेर गडहिंग्लज, नोकरीमुळं इंग्लंडात ईशान्येला राहते, शेजारच्या हार्टलपूल बंदरात एचएमएस ट्रिंकोमाली उभं आहे. आणि हे आपल्या मुंबईचं आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलं, मलबारच्या सागवानाचं, कारण तिकडं लढायांपायी ओक संपत आला होता. ह्याचे नकाशे एचएमएस जावा नावाच्या जहाजावरनं मुंबईला यायला निघाले होते, ते जावा ब्राझीलजवळ डिसेंबर १८१२ मध्ये कॉन्स्टिट्यूशननंच संपवलं. मग नकाशे परत पाठवले, १८१६ ला कामाला सुरुवात झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी रिवाजाप्रमाणं, जहाजाचं भलं व्हावं म्हणून.

आज तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत हीच सगळ्यात जुनी. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. त्यांच्या माहेरी गारगोटीकडं जुना वाडा, त्यामुळं खालच्या डेकवर गेल्या गेल्या तुळईवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे सागवान आहे, हे काय ह्यांचं नव्हं." मी काही सांगितलेलं नव्हतं. तिथला स्वयंसेवक आजोबा जवळ आला, तर त्यांनी त्याला मराठीतच सांगायला सुरुवात केली, तुळईला तेल कुठलं लावता वगैरे. तो मान डोलावत होता. नंतर त्यानं टॉर्च मारून जुन्या मूळ फळ्या आणि डागडुजीत बसवलेल्या नव्या फळ्या असा फरक दाखवला, जुन्या फळीचा रंग जवळजवळ काळा आणि रंध्रं एवढी बारीक की नख जात नाही. वारं जबरदस्त असतं, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घ्या. वर डेकवर फार वेळ काढू नका, जे आहे ते खाली आहे.

माजी नाविक, कागल
सगळ्यांचं वाचतोय. दीवला खुकरी ठेवलीय ती बघून आलो. पहिली खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ टॉर्पेडो लागून बुडाली, कॅप्टन मुल्ला धरून १८ अधिकारी आणि १७६ खलाशी जहाजाबरोबर गेले, तो एकूण १९४ जणांचा आकडा तिथल्या स्मारकापाशी उभं राहून वाचा. आता म्युझियम झालेली ती त्याच नावाची पुढची नौका, २०२१ ला निवृत्त. माझी तक्रार एकच, म्युझियम केलेलं जहाज मुकं असतं. चालू जहाजावर रात्री-बेरात्री पंखे, जनरेटर, पंप काहीतरी घुमत असतंच, तो आवाज थांबला तर झोपलेला माणूस खडबडून उठतो, काय बिघडलं म्हणून. एखादा स्पीकर लावून तो आवाज ऐकवला तर त्या प्लास्टिकच्या बाहुल्या उभ्या करायची गरज पडणार नाही.

कळंबा_रोड
काका, बाहुल्यांबद्दल शंभर टक्के. कुरसुरात एक वळणावर उभी होती, आमची आई तिला 'जरा सरका' म्हणाली.

उत्तरेश्वर_तालीम
लांबचं जमत नसंल तर कारवारला जावा, टागोर बीचवर आयएनएस चपल आहे, मिसाईल बोट. छोटी हाय, पटकन बघून होती, गोव्याला जाणारे एक दिवस वाढवू शकतात. त्यासाठीच म्हणून मुद्दाम जाऊ नका.

करवीरवासी
आणि गुलदार? नेव्हीतनं २०२४ ला निवृत्त झाली, ती आपल्या सिंधुदुर्गातच आणलीय, निवती रॉकजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचा बेत आहे. म्हणजे बघायला डायव्हिंग शिकायला लागणार.

व्ही_फिफ्टीन
आम्ही पंचगंगेत पोहायला शिकलोय भावा, पाठीला डबा बांधून. ऑक्सिजनचा डबा असला तर काय तेवढंच.