पडवी दर ऋतूला सजवायची आहे, पण सासूबाईंची सोलं आडवी येतात

खळ्यातली_सून

नमस्कार मंडळी. ठाण्याहून कुडाळजवळच्या गावी सासरी राहायला येऊन मला दोन वर्षं झाली. जुनं चिऱ्याचं घर, वर नळ्यांची कौलं. पुढची पडवी बावीस फूट लांब आणि सात फूट रुंद, तोंड पश्चिमेला. खाली लाल कोबा, डाव्या हाताला झोपाळा, समोर खळं (म्हणजे अंगण) आणि तुळस. पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मी या पडवीच्या प्रेमात पडले होते. (नवऱ्याच्या नंतर पडले, हे ठरलेलं उत्तर आहे.)

मला ती दर ऋतूत वेगळी दिसायला हवी आहे. परदेशातल्या बायका व्हिडिओत दाखवतात ना, पानगळीला पायऱ्यांवर भोपळे, थंडीत दारावर हिरवं कडं, तसं काहीतरी. भोपळे मांडण्यात अर्थ नाही, सासूबाई दुसऱ्या दिवशी त्यांचे घारगे करतील. पण आपलं असं काय करता येईल?

आत्तापर्यंतचे माझे पराक्रम सांगते. झोपाळ्यावर फिक्या रंगाच्या गाद्या-उशा मागवल्या. जुलैत त्यांच्यावर काळी बुरशी. दिव्यांची माळ लावली. गणपतीपर्यंत तारा जोडाच्या ठिकाणी हिरव्या पडल्या आणि माळ गेली. प्लॅस्टिकच्या झेंडूची तोरणं टिकली, पण कोळ्यांना इतकी आवडली की आता त्यांचीच आहेत.

दुसरी अडचण अशी की पडवी कधी रिकामीच नसते. मार्चात काजूबिया, आता सोलं (कोकमाच्या साली), दिवाळीच्या आसपास भाताच्या गोणी. परवा मी कोपऱ्यात कुंडी आणि लोखंडी खुर्ची मांडली, तर सासूबाई म्हणाल्या, "बाजूक कर गो ता झाड, सोलां खंय घालू?" संध्याकाळी खुर्चीवर रोवळी उपडी होती.

वर्षाला पाच-सहा हजार खर्च करू शकते. तुम्ही काय करता?

शूरॅक_चौथा_मजला

आमच्या पुण्याच्या फ्लॅटला दारापुढे चार बाय तीन फूट जागा आहे आणि त्यातली निम्मी शूरॅकने खाल्ली आहे. पावसाळ्यात ओल्या छत्र्या, हिवाळ्यात कोरड्या छत्र्या, ही आमची ऋतूप्रमाणे सजावट. बावीस फूट वाचूनच दम लागला. पुढे वाचतोय.

ओटीवरचे_मास्तर

बाय, मी तुला एकेरीत लिहितो, राग मानू नको. सदतीस वर्षं शाळेत सगळ्यांना तू म्हणण्यात गेली. घर वेंगुर्ले तालुक्यात. आमचीही पडवी पश्चिमेलाच तोंड करून बसली आहे, त्यामुळे तुझं दुःख मला कळतं.

तू सुरुवात चुकीच्या टोकाने केलीस. काय मांडायचं ते नंतर. आधी पाऊस कुठून येतो ते बघ. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर. म्हणजे तुझ्या पडवीत तो आडवा शिरतो. जे दहा मिनिटांत उचलून आत नेता येत नाही, ते या पडवीत ठेवूच नये. झोपाळ्यावर गादी नको, घोंगडी टाक. नाहीतर जुन्या लुगड्यांची गोधडी. दोन्ही झटकता येतात, चुलीच्या उबेला वाळतात.

पावसाळ्यात पडवीला झड्या, म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, लागतात. पूर्वी माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधत. हल्ली जिकडेतिकडे निळं प्लॅस्टिक. निळं प्लॅस्टिक लावलं की घरात चार महिने सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात, भात निळा, माणसं निळी. मी बाहेरून प्लॅस्टिक आणि आतून झाप असं बांधतो. आतून बघणाऱ्याला फक्त झाप दिसतो. विणणारी माणसं कमी झाली आहेत म्हणून मे लागायच्या आत सांगून ठेवावं लागतं. आतल्या अंधाराला एक पिवळा बल्ब पुरतो. आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासून झाली की आमची ही ती झोपाळ्यावरच रांगेने मांडते. त्या दिवशी पडवीत दुसरं काही लागत नाही.

खळ्याच्या कडेला तेरडा आपोआप उगवतो, तो उपटू नको. घरात साफसफाईचा उत्साह असलेलं माणूस असेल तर त्याला आधीच सांगून ठेव.

मग चतुर्थी. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधून टांगतात ती माटवी तू पाहिली असशील. पण तिचं सामान बांधायच्या आधी एक-दोन दिवस कुठे असतं? पडवीत. कवंडळं, हरणं, कांगल्या, शेरवडाची पानं, आंब्याचे टाळ, सुपारीचे घड, शेंडीसकट नारळ, सगळं कोब्यावर पसरलेलं. वर्षभरात पडवी सगळ्यात देखणी त्या संध्याकाळी असते आणि नेमका तेव्हाच माणूस तिला 'पसारा' म्हणतो. यंदा तो पसारा आवरू नको. टोपल्या घे, रंगाप्रमाणे वेगळं कर, तुझी सजावट झाली. कवंडळ दिसायला लालबुंद असलं तरी खायचं नसतं, घरात लहान पोर असेल तर टोपली उंचावर.

दसऱ्याला नवं, म्हणजे नव्या पिकाची जुडी. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडू, मिळालं तर कुर्डूचं फूल. सुताने बांधायचं आणि दाराला, झोपाळ्याच्या कड्यांना, तुळशीला, अगदी मोटरसायकललाही लावायचं. हे पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतं. परदेशी बाई दारावर हिरवं कडं लावते त्यासाठी दुकानात जाते. तुला शेताच्या बांधापर्यंत जावं लागेल. सासूबाईंकडून बांधायला शिकून घे. घट्ट बांधलं नाही तर लोंब्या गळतात आणि चिमण्या दोन दिवसांत सगळं संपवतात. तसे चिमण्यांसाठी दोन जादा बांधायला हरकत नाही.

दिवाळीचं मी सांगत नाही, ते सगळ्यांना येतं. एवढंच की कंदील कामट्यांचा घरी कर. चुकला तरी चालेल, आमचा दर वर्षी एका बाजूला कलतो.

खरं काम दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधलं. पावसाने खळं धुऊन गेलेलं असतं. गवत खरवडायचं, माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, मग शेणाने सारवायचं. दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात आणि कंबर आठवडाभर बोलते. पण सारवलेल्या खळ्यावर तुळशीपुढची पांढरी रांगोळी जशी उठून दिसते तशी फरशीवर कधीच दिसणार नाही. तुमच्या खळ्यात सिमेंटचे ठोकळे घातले असतील तर हा परिच्छेद सोडून दे.

त्यानंतर माटव. बांबू उभे करून वर झाप. उन्हाळ्यात दुपारी झापातून ऊन गळून खळ्यावर ठिपके पडतात, मांजर एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर सरकत झोपतं. माटव उतरवायचा मात्र वेळेत. २०२५ साली मी मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) भरवशावर बसलो आणि पाऊस २५ मेलाच देवगडापर्यंत येऊन ठेपला. भिजून जड झालेले झाप आणि एक मोडका बांबू तुळशीच्या शेजारी कोसळले, वृंदावन थोडक्यात वाचलं. आमच्या हिने त्या वर्षी मला 'हवामान खातं' म्हणायला सुरुवात केली, अजून थांबलेली नाही. आता १५ मेला माटव खाली.

राहिली सोलं. बाय, तिथे तुझं काही चालणार नाही, आणि चालू नये. मेमधली लाल सोलं, लाल कोबा आणि बाहेर पांढरं ऊन, याच्यावर तू काय मांडणार? मात्र दोघींची सोय करता येते. दिवसा सोलं खळ्यातच वाळतात, पडवी लागते ती रात्री आणि ढग आले की. वरच्या वाशांना दोन कप्प्या लाव आणि बांबूचे तट्टे चार दोऱ्यांनी टांग, संध्याकाळी वर ओढून घ्यायचे. खाली कुंड्यांना जागा मोकळी. ती लोखंडी खुर्ची मात्र हलव. सोलांना मिठाचं आंबट पाणी पुन्हा पुन्हा लावतात, ते थेंब पडून वर्षभरात तिचे पाय खाऊन टाकतील.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत. आमच्याकडे तू म्हणतेस तसे भोपळे, हिरवी कडी, मक्याची कणसं सगळं दारोदार असतं, म्हणून आतली गोष्ट सांगते. कोरलेला भोपळा व्हिडिओत सुंदर दिसतो. प्रत्यक्षात आठवड्याभरात आतून मऊ पडतो, खारी येऊन कान कुरतडतात, आणि मग तो उचलायला कोणी पुढे येत नाही.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली. एका पायरीवर भोपळा, दुसरीवर पणत्या. भुताचे कपडे घातलेली पोरं चॉकलेट मागायला आली, त्यांच्या पिशवीत मी एकेक चकलीही टाकली. एक पोरगं परत आलं आणखी मागायला.

रांगोळी इथे थेट पायरीवर टिकत नाही, वारा आणि ओल. मी प्लायवुडच्या फळ्या गेरूच्या रंगाने रंगवल्या आहेत आणि त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने चैत्रांगण, गौरीची पावलं, दिवाळीचे ठिपके असं काढून ठेवलं आहे. सण आला की ती फळी बाहेर. बर्फ पडायला लागला की सगळं आत, कारण पायऱ्यांवर मीठ टाकतो त्याने रंग जातो. तुझ्याकडे मिठाचं पाणी सोलांचं, माझ्याकडे बर्फाचं. त्रास तोच.

पण मास्तर, ते झापातल्या उन्हाचे ठिपके वाचून मला माझं आजोळ आठवलं. आता रात्री झोप नाही यायची.

फ्यूज_गेला

वायरिंगचं काम करतो म्हणून फक्त तेवढंच. पडवीत दिवे लावणार असाल तर आयपी ६५ लिहिलेले घ्या, त्यांच्यात पाणी शिरत नाही. जोड उघड्यावर ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळू नका, तारा हिरव्या पडतात त्या तिथेच. जोड बंद डबीत, आणि डबीतून वायर खालच्या बाजूने बाहेर काढा म्हणजे पाणी वायरीवरून आत जात नाही. पडवीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच. ओला कोबा, अनवाणी पाय आणि स्वस्तातली माळ, यात चेष्टा नको.

खळ्यातली_सून

सगळ्यांचे आभार. दहा दिवस लिहायला जमलं नाही, कारण कप्प्या लावत होतो. कुडाळच्या बाजारातून दोन कप्प्या, सुंभ नको म्हणून नायलॉनची दोरी. तट्टे शेजारच्या वाडीतून सांगून करून घेतले. सगळे मिळून अठराशे रुपये. पहिल्या दिवशी नवऱ्याने एक बाजू जास्त ओढली आणि अर्धी सोलं त्याच्या डोक्यावर. सासूबाई इतक्या हसल्या की रागवायचं राहून गेलं.

लोखंडी खुर्ची आता माजघरात आहे. वायरमनदादा, आरसीसीबी पुढच्या आठवड्यात बसतेय. झाप विणायला सांगितलेत, पण विणणारे आजोबा म्हणाले की यंदा पंधराच देईन, बाकीचं प्लॅस्टिकच लाव.

मास्तर, तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. माटवीच्या पसाऱ्यापाशी त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "नव्यात कुर्डू मिळालो तर खंय? कुर्डू होयोच. खंयचो ह्यो मास्तर?" आता सांगा, काय सांगू?

ओटीवरचे_मास्तर

सांग, कुर्डू आमच्या बांधावर हल्ली उगवत नाही, तणनाशकाने गेला. त्यांच्याकडे असेल तर दसऱ्याआधी मूठभर बी ठेवायला सांग. येऊन घेऊन जाईन, आणि सोलंही.