मदत हवी आहे: जपानच्या चॅम्पियन्स कपचा इतिहास एक धरायचा की तुकड्यातुकड्यांनी?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी जपानच्या चॅम्पियन्स कप या घोड्यांच्या शर्यतीवर लेख लिहितोय. मजकूर बराचसा झालाय, पण दोनतीन ठिकाणी गाडी अडली आहे. रेसिंगवाले आणि जपानी जाणणारे, दोघांचीही मदत लागेल.

पहिली अडचण कोष्टकाची. ही शर्यत २००० साली टोकियोत 'जपान कप डर्ट' (डर्ट म्हणजे गवत नसलेली धावपट्टी) नावाने सुरू झाली, अंतर २१०० मीटर, वळण डावं, म्हणजे घोडे डावीकडे वळत धावतात. २००२ ला टोकियो रेसकोर्सचं काम चालू असल्याने ती एक वर्ष नाकायामाला १८०० मीटरवर झाली. २००८ पासून हानशिन, १८०० मीटर, वळण उजवं. २०१४ पासून नाव चॅम्पियन्स कप, मैदान चुक्यो, अंतर तेच, वळण पुन्हा डावं. आता सर्वांत जलद वेळेचा एकच रकाना केला तर कुरोफुनेचं काय करू? २००१ मध्ये हा करडा घोडा शेवटचं वळण संपायच्या आतच पुढे निघाला आणि सात घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकला, वेळ २ मिनिटे ५.९ सेकंद. गवतावर मोठी शर्यत जिंकलेला घोडा वाळूवर असा पळाला! नंतर दुखापतीमुळे तो पुन्हा कधी धावलाच नाही. माझ्या मते या शर्यतीतली ती सर्वांत मोठी धाव आहे. अंतर वेगळं म्हणून तिला तळटीपेत टाकायला हात धजत नाही.

काने हेकिलीचंही तसंच. २००५ ला टोकियोत जिंकला, मग पायाच्या शिरेच्या दुखापतीने दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिला आणि २००८ ला हानशिनला येऊन पुन्हा जिंकला. मैदानांप्रमाणे याद्या वेगळ्या केल्या तर ही गोष्ट मधोमध तुटते.

दुसरं म्हणजे 'डर्ट'ला काय म्हणायचं? मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला आपण गवतावरच्या शर्यती बघत आलो, त्यामुळे हाताशी तयार शब्द नाही. 'माती' म्हटलं की डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा येतो. शिवाय अमेरिकेतला डर्ट मातीच्या जवळचा असला तरी जपानमधली धावपट्टी चक्क वाळूची आहे. मी सध्या 'वाळूची धावपट्टी' लिहिलंय. चालेल का?

तिसरं, नावं. जपानी समालोचक 'कानेहिकिरी' म्हणतात, इंग्रजी याद्यांत काने हेकिली आहे. देवनागरीत कोणतं घेऊ? संपादकांना मजकूर रविवारी द्यायचा आहे.

प्रतिसाद १:
विजेत्यांची यादी एकच ठेवा. जपानवाल्यांनीही नाव बदललं तरी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केला नाही, २०१४ ची शर्यत पंधरावीच मोजली. वेळा मात्र मैदानाप्रमाणे वेगळ्या द्या, म्हणजे कुरोफुने टोकियोच्या रकान्यात सगळ्यांत वर दिसेल. आणि वळणाचा मुद्दा सोडू नका. अमेरिकन घोडे डाव्या वळणाला सरावलेले असतात. २००३ मध्ये फ्लीटस्ट्रीट डान्सर या अमेरिकन घोड्याने जपानच्या अॅडमायर डॉनला नाकभर अंतराने हरवलं ते टोकियोत, डाव्या वळणावरच. हानशिनच्या काळात एकही परदेशी घोडा जिंकला नाही.

प्रतिसाद २:
काने हेकिली हा हवाई बेटांवरचा मेघगर्जनेचा देव. नाव मुळात तिथलं आहे, तेव्हा तेच उच्चार घ्या. 'कुरोफुने' मात्र अस्सल जपानी शब्द, अर्थ 'काळी जहाजं', म्हणजे एकोणिसाव्या शतकात आलेली अमेरिकन जहाजं. हा घोडा अमेरिकेत जन्मलेला, म्हणून हे नाव. लेखात जरूर घ्या. 'वाळू' उत्तम.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. यादी एक, वेळांचे रकाने चार, असं करतो. जागा उरली तर २०१५ ला जिंकलेली पहिली घोडी सांबिस्ता आणि २०२३, २०२४ असा लागोपाठ दोनदा जिंकलेला लेमन पॉप यांच्यावर एकेक परिच्छेद वाढवीन. लेमन पॉपची ती दुसरी धाव निरोपाची होती, त्यामुळे लेख तिथेच संपवावा असं वाटतंय. चुक्योची ही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी इथे असेल तर शेवटच्या चढाबद्दल दोन ओळी लिहा, रविवारपर्यंत वाट बघतो.