मदत हवी आहे: नेपोलियनच्या फौजेतल्या दोन 'डिव्हिजनी' मराठीत वेगळ्या कशा दाखवू?

नमस्कार मंडळी,

वॉटर्लूच्या लढाईवर एक मोठा लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी पंधरा दिवस अडकलोय. कच्चा खर्डा सासऱ्यांना वाचायला दिला होता. ते लष्करातून निवृत्त झालेत. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "पान ४ वर एका डिव्हिजनमध्ये आठ बटालियन. पान ६ वर एका बटालियनमध्ये तीन डिव्हिजनी. नक्की काय?"

गंमत नाही, दोन्ही वाक्यं खरी आहेत.

त्या फौजेची उतरंड तशी सरळ होती. १८ फेब्रुवारी १८०८ च्या हुकुमाने पायदळाच्या बटालियनमध्ये सहा कंपन्या ठरल्या: एक ग्रेनेडियरांची (उंच, निवडक शिपाई), एक व्होल्तिजरांची (हे बुटके, चपळ शिपाई, फळीच्या पुढे विखरून लढणारे) आणि चार साध्या फ्युझिलियरांच्या. कंपनीत कप्तानापासून दोन ढोलवाल्यांपर्यंत १४० माणसं, म्हणजे बटालियन ८४० ची. हे अर्थात कागदावर. प्रत्यक्ष मोहिमेत आकडा पुष्कळ खाली यायचा. चार लढाऊ बटालियन आणि घरी नवे रंगरूट तयार करणारी एक डेपो बटालियन मिळून रेजिमेंट. साधारण दोन रेजिमेंटांची ब्रिगेड, दोन-तीन ब्रिगेडींची डिव्हिजन, आणि अशा काही डिव्हिजनींना घोडदळ व तोफा जोडून कोअर. एकेक कोअर स्वतंत्र रस्त्याने चालायची आणि गाठ पडलीच तर बाकीच्या येईपर्यंत एकटी झुंजायची. १८०६ मध्ये आउअरश्टेटला नेपोलियनचा मार्शल दाव्हू याच्या एकट्या कोअरने प्रशियाची मुख्य फौज हरवली, ती या रचनेच्या बळावर.

इथवर अडचण नाही. अडचण कवायतीत आहे.

कवायतीच्या मैदानावर कंपनीला 'पेलोतों' म्हणत आणि शेजारच्या दोन पेलोतोंच्या जोडीला 'दिव्हिजियों', म्हणजे फ्रेंचमध्ये डिव्हिजनचाच शब्द. म्हणून सहा कंपन्यांच्या बटालियनमध्ये तीन दिव्हिजियों. त्याच १८०८ च्या हुकुमात म्हटलंय की सहाही कंपन्या हजर असतील तर दिव्हिजियोंने हालचाल करावी, ग्रेनेडियर आणि व्होल्तिजर दुसरीकडे गेले असतील तर पेलोतोंने. तीन ओळींची एक दिव्हिजियों, अशा तीन एकामागे एक: दोन कंपन्या रुंद, नऊ ओळी खोल. ही नेहमीची हल्ल्याची कॉलम, म्हणजे एकामागे एक ओळींची खोल रचना.

१८ जून १८१५ ला दुपारी वॉटर्लूत फ्रेंच जनरल देर्लाँची कोअर ब्रिटिशांच्या टेकडीवर चढली ती अशी नाही. त्याच्या हाताखालचे जनरल दोंझलो आणि मार्कोन्ये यांच्या डिव्हिजनींमध्ये आख्खी बटालियन तीन ओळींत पसरलेली, तिच्या पाठीला तशीच दुसरी, मग तिसरी. मार्कोन्येच्या आठ बटालियन म्हणजे चोवीस ओळींची भिंत. ब्रिटिश घोडदळ अंगावर आलं तेव्हा चौकोन करायला (घोडदळ रोखण्यासाठी चारी बाजूंना तोंड करून उभं राहायला) जागाच नव्हती. ४५ व्या आणि १०५ व्या रेजिमेंटचे गरुडध्वज त्या हल्ल्यात ब्रिटिशांच्या हाती गेले.

असं का केलं? एक जुनं स्पष्टीकरण म्हणजे हुकुमातली शब्दांची अदलाबदल: 'बटालियनची कॉलम, दिव्हिजियोंच्या रुंदीची' याऐवजी 'डिव्हिजनची कॉलम, बटालियनच्या रुंदीची'. मला ते पटत नाही. मुरलेले दोन जनरल एकाच वेळी तीच चूक करतील? रुंद फळी पुढे ठेवून जास्त बंदुका एकदम झाडायच्या, हा विचार मुद्दाम केलेला वाटतो. पण वाचकाला हा वाद समजायचा तर दोन डिव्हिजनींना दोन नावं हवीतच, नाहीतर सगळा परिच्छेद वाया जातो.

मी करून पाहिलेले शब्द:

'पलटण' घेता येत नाही. मूळ कदाचित तोच पेलोतों, पण आपल्याकडे पलटण म्हणजे थेट बटालियन, त्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. 'कंपू' मला फार आवडतो. महादजी शिंद्यांच्या पदरी डी बॉइनने उभारलेल्या ब्रिगेडींना कंपूच म्हणत. पण आज कंपू म्हटलं की टोळकं डोळ्यांपुढे येतं, आणि शिवाय तो मोठ्या तुकडीचा शब्द. 'तुकडी' कशालाही चालते, म्हणून इथे चालत नाही. सध्या मोठीला 'डिव्हिजन' ठेवून छोटीला 'जोडकंपनी' लिहिलंय. अर्थ लगेच पोचतो, पण शब्द माझाच घडवलेला आहे, म्हणून धाकधूक वाटते.

तर दोन विनंत्या. 'जोडकंपनी' वाचताना खटकतो का, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत किंवा कवायतीच्या बोलीत दोन कंपन्यांच्या जोडीला काही शब्द तुमच्या पाहण्यात आहे का? दुसरं, पायदळात ज्यांनी परेड केली आहे त्यांना: तीन ओळींत पसरलेली बटालियन, पाठीला चार-पाच पावलांवर दुसरी, अशा स्थितीत मधल्या बटालियनला चौकोन करायचा हुकूम मिळाला तर आधी कोणी कुठे सरकायचं? कागदावर आकृती काढून टाकलीत तरी चालेल. सासऱ्यांनी त्यांची काढून दिली आहे, पण त्यात मागच्या बटालियनला निम्मी टेकडी उतरावी लागते.

लेख २५ तारखेपर्यंत द्यायचा आहे.