मदत हवी आहे: जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) नंतर जखमांच्या कामातच करिअर करायचंय, आधी काय करू?

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. ड्रेसिंगची ट्रॉली बऱ्याच जणींना नकोशी वाटते, मला तेच काम मनापासून आवडतं. शुगरवाल्यांचे पाय, बेडसोर, उसवलेले टाके. स्लफ (मेलेला पिवळट थर) निघून खाली लाल ग्रॅन्युलेशन (नवीन धरणारं मांस) दिसलं की पेशंटच्या आधी मलाच आनंद होतो.

पण शिकवणारं कुणी नाही. कुठलीही जखम असो, पेरॉक्साइड, बेटाडीन, कोरडा गॉज, चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी गॉज ओढला की नवीन धरलेलं मांसही निघतं आणि पेशंट कळवळतो. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटरने 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं! जखम ओलसर ठेवणारी फोम, अल्जिनेटसारखी ड्रेसिंग महाग आहेत हे मान्य, पण ते रोज बदलावे लागत नाहीत, हा हिशेब कुणी मांडतच नाही. बेडसोरचा धोका ओळखायला ब्रेडन स्केल मी वाचून वाचून वापरायला लागलेय (6 ते 23, आकडा कमी तेवढा धोका जास्त).

आता अडलंय ते इथे. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करू, की थेट मुंबईला टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचा स्टोमा थेरपीचा (पोटावर शौच-लघवीसाठी केलेल्या छिद्राची काळजी) कोर्स? दोन्हीसाठी नोकरी सोडावी लागेल आणि घर माझ्या पगारावर चालतं. शिकून आल्यावर वेगळी पोस्ट मिळते, की पुन्हा वॉर्डातच?

प्रतिसाद

ताई, परदेशाचा विचार असेल तर आधी पोस्ट बेसिक. अमेरिकेत जखम-स्टोमाच्या नर्सचं मुख्य सर्टिफिकेशन (CWOCN) पदवीशिवाय मिळत नाही. इथेच राहायचं असेल तर स्टोमा कोर्स आधी केला तरी चालेल, त्यात जखमांचं कामही येतं. वेगळी पोस्ट फार थोड्या ठिकाणी असते. कॅन्सर हॉस्पिटल आणि डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये विचारा.

नोकरी सोडण्याआधी एखाद्या फूट सर्जनच्या ओपीडीत सुट्टीच्या दिवशी बसायची परवानगी मागा. 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) तळपायाची संवेदना तपासणं आणि पायाचा रक्तपुरवठा कळायला डॉप्लरने (रक्तप्रवाह ऐकायच्या यंत्राने) घोट्याचं-दंडाचं प्रेशर घेणं तिथे हाताखालून जाऊ द्या. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट कॉम्प्रेशन (दाब देणारी पट्टी) बांधलं तर पाय गमवायची वेळ येते. आणि पेरॉक्साइडबद्दल तुमच्या सर्जनशी उद्याच बोला, नवीन पेशी त्यानेही मरतात.