रिसेटची घाई नको, सिम जपा
तुमचे बाबा वारले आणि त्यांच्या आयपॅडचा पासकोड माहीत नाही, म्हणून इथे कुणी "रिकव्हरी मोडमध्ये टाकून रिसेट मारा" असा सल्ला दिलाय, तो आयपॅडसाठी कृपया ऐकू नका. पासकोड जातो, पण आतले फोटोही जातात, आणि सुरुवातीच्या 'हॅलो'नंतर पडदा पुन्हा तुमच्या बाबांचाच ॲपल आयडी मागतो. ते कुलूप टॅबमध्ये नसतं, ॲपलच्या सर्व्हरवर असतं. काढायचं तर ॲपलकडेच अर्ज: अनुक्रमांक (बहुतेक आयपॅडच्या पाठीवर, तळाशी अगदी बारीक अक्षरात), खरेदीचं बिल, मृत्यूचा दाखला.

दाखला पंचायतीतून किंवा पालिकेतून घेताना इंग्रजी स्पेलिंग बिलाशी ताडून पाहा. आपल्याकडे गोव्यात एका कागदावर कामत, दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाचं कामोटिम असतं आणि अर्ज तिथेच अडू शकतो. आणि त्यांचं सिम रिचार्ज करत राहा. ॲपलचा पडताळणीचा कोड सहसा त्याच नंबरवर येतो, आणि प्रीपेड नंबर 90 दिवस न वापरता पडला तर बंद होऊ शकतो.