मदत हवी आहे: छोट्या शिडाच्या होडीच्या केबिनच्या खिडक्या आतून नीट कशा दिसतील?

सावदेकर

नमस्कार मंडळी. २१ फुटी फायबरची शिडाची होडी आहे. आत छोटी केबिन, बसलं की डोकं छताला लागत नाही एवढीच उंची, आणि दोन्ही बाजूंना एकेक लांबट खिडकी, ६२ सेमी लांब, १८ सेमी उंच, कोपरे गोल. खिडक्या उघडत नाहीत, फिक्स आहेत. होडी आमच्या साडूंची, ते उरणला असतात, पण तिकडे जागेचं भाडं आणि मिस्तरीच्या तारखा काही जमेनात म्हणून पावसाळ्याआधी ट्रेलरवर टाकून इकडे सावद्याला आणली आणि आमच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये उभी केली. (रोज कोणीतरी डोकावून विचारतं, हतनूरला सोडणार का म्हणून. नाही सोडणार भो, दिवाळीनंतर परत समुद्रावर जाणार.)

आता अडचण. बाहेरून ६ मिमीचं अॅक्रेलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) होडीच्या अंगावर थेट बोल्टने आवळलेलं आहे, वेगळी फ्रेम वगैरे काही नाही. अॅक्रेलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्यात, त्यामुळे ते बदलणारच आहे, त्याचं टेन्शन नाही. टेन्शन आतल्या बाजूचं आहे. आत पूर्वी फोमवालं रेक्झिन चिकटवलेलं होतं, त्या फोमची पावडर झाली होती, हात लावला की पिवळा भुसा पडायचा, तर ते सगळं ओरबाडून काढलं. आणि मग खरं रूप दिसलं. जिगसॉने कापलेली वेडीवाकडी कड, कुठे जास्त कुठे कमी, आत आलेले बोल्ट, प्रत्येकाची लांबी वेगळी, नट गंजलेले, आणि कोणीतरी मनसोक्त फासलेलं सिलिकॉन. केबिनमध्ये शिरलं की नजर पहिली तिथेच जाते.

मला आतून खिडकीभोवती एक स्वच्छ चौकट हवी आहे. गावात आमचं जुनं धाब्याचं घर उतरवलं त्याच्या सागवानी तुळया पडून आहेत, त्यातून चौकट निघेल असं वाटतं. पण होडीची बाजू सरळ नाही, दोरी लावून बघितली तर ६२ सेमीत मधोमध साधारण ८ मिमीचा बाक आहे, बाहेरच्या बाजूला फुगलेली. सरळ लाकूड बसणार कसं? शेजारचे म्हणाले फोमशीट (पीव्हीसीची कडक शीट) लाव, वाकते पण आणि पाण्याने खराब पण होत नाही. दुसरं म्हणजे बोल्ट त्या चौकटीतूनच आरपार घेऊन वर डोम नट (गोल टोपीवाले) लावले तर बरं दिसेल का? ज्यांनी होडीचं किंवा निदान असलं वाकड्या भिंतीचं काम केलंय त्यांनी सांगा. फर्निचरवाला मिस्तरी आहे माझ्याकडे, हात चांगला आहे, फक्त होडी त्याने पहिल्यांदाच बघितली.

धुळ्याचा रंधा

भाऊ, भारी काम काढेल शे तुम्ही! होडीचं मला काही कळत नाही पण चौकटीचं सांगतो.

सागवान असताना फोमशीटच्या नादी लागू नका, उन्हात ती मऊ पडते आणि स्क्रूच्या मधे लाटा येतात, किचनमध्ये गॅसजवळ लावलेली बघा कशी होते. १२ मिमीची सरळ पट्टी स्क्रूने ओढून वाकवायची पण नाही, आज बसेल, पुढे एकतर स्क्रू उपटेल नाहीतर पट्टी तडकेल. २० मिमी जाडीची फळी घ्या आणि मागची बाजू रंध्याने तो ८ मिमीचा बाक येईपर्यंत उतरवा. तुमची बाजू बाहेर फुगलेली म्हणजे आतून खोलगट, म्हणून फळीची पाठ मधोमध जाड राहील आणि टोकांना १२ मिमी उरेल. समोरून चौकट सरळच दिसेल आणि मला विचाराल तर तीच जास्त चांगली दिसते.

अख्खी चौकट एका फळीतून कापू नका. दिसायला सोपं वाटतं, पण उभ्या बाजूंना रेषा आडव्या येतात आणि नेमकी कोपऱ्यात मोडते. चार तुकडे करा, कोपऱ्यात निम्म्या निम्म्या जाडीची खाच मारून एकमेकांवर बसवा, चिकटल्यावर मग आतला गोलवा राऊटरने काढा. नुसता ४५ अंशाचा जोड फोटोत बरा दिसतो, पण दमट हवेत उघडतो.

माप मात्र खिडकीवरून टेपने घेऊ नका. तुमच्याकडे केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा ढिगाने असेल, तो लावून आतून कड गिरवा, डावी वेगळी, उजवी वेगळी. एकसारख्या नसणारच. आणि जुन्या तुळईत खिळे असतात, रंध्याला लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर मिस्तरी तुम्हाला दुवा देईल.

खाडीवरचा

सावदेकर, मी होड्यांचीच कामं करतो, त्यामुळे जरा नकारघंटा वाजवतो. चौकटीआधी ती कापलेली कड नीट बघा. बाहेर फायबर, आत फायबर आणि मधे काय आहे? पुष्कळ होड्यांत केबिनच्या बाजूला मधे बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. बाल्सा असेल तर टोच्याने टोचून बघा. काळा आणि मऊ लागला म्हणजे पाणी आत गेलंय, त्याच्यावर सागवानाची चौकट बसवली तर आत कुजत राहील आणि वर पॉलिश चमकत राहील.

आणि बोल्ट चौकटीतून आरपार अजिबात नको. लाकूड ओलसर हवेत फुगतं, सुक्यात आकसतं, त्याच्यावर आवळलेला बोल्ट काही दिवसांनी ढिला पडतो आणि मग खिडकी गळते. बोल्ट फायबरवरच आवळा, खाली वायसर, वर नट, जास्तीची लांबी कापून टाका. चौकटीच्या पाठीला नट बसतील एवढे खळगे मारा आणि चौकट वेगळ्या चार छोट्या स्क्रूंवर धरा. चिकटवू नका! कधी ना कधी खिडकी गळणार, तेव्हा पाच मिनिटांत चौकट काढून बघता आली पाहिजे. हे एवढं एकच माझं ऐका, बाकी दिसण्याचं तुम्ही ठरवा.

सावदेकर

टोचून बघितलं. बाल्साच आहे. वरची कड कोरडी, पण उजव्या खिडकीच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग काळा आणि मऊ. आता काय? सगळी बाजू फाडायची का? साडूंना अजून सांगितलं नाही, रविवारी येतायत.

खाडीवरचा

घाबरू नका, तळहाताएवढा भाग म्हणजे काही नाही. बाहेरचं फायबर तसंच ठेवा. त्या भागावरचं आतलं फायबर कापून काढा, कुजलेला बाल्सा खरवडा, चांगलं वाळू द्या (सावद्याच्या उन्हात वाळायला काय वेळ लागतो), मग नवीन बाल्सा इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारं मिश्रण) बसवून वर फायबर कापडाचे थर. चौकटीखाली बराचसा झाकला जाईल. उरलेल्या कडेने सगळीकडे बाल्सा ५-६ मिमी आत कोरून घ्या आणि ती खाच सिलिका पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. बोल्टच्या भोकांनाही तेच, भोक मोठं करून भरायचं आणि मग परत पाडायचं. चौकटीचे चार स्क्रूसुद्धा असेच भरलेल्या जागी घ्या. याने तुमची वेडीवाकडी कडही सरळ होते, म्हणजे दिसण्याचं अर्धं काम तिथेच झालं.

तुमच्याकडच्या गर्मीत मात्र इपॉक्सी डोकं फिरवेल. ४२-४३ अंशात भांड्यात ढीग करून ठेवलं तर ब्रश बुडवेपर्यंत धूर निघतो. स्लो हार्डनर मागवा, पहाटे काम करा, थोडं थोडं कालवा आणि कालवलेलं पसरट ताटलीत ओता म्हणजे तापत नाही. जुनं सिलिकॉन आधी पात्याने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढा, त्याचा पुसटसा थर राहिला तरी त्यावर ना इपॉक्सी धरत ना रंग.

नवीन अॅक्रेलिक कास्ट (साच्यात ओतलेलं) घ्या, एक्स्ट्रूडेड (मशीनमधून दाबून काढलेलं) नको. त्याला थिनर, अॅसिटोन, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे काही लावायचं नाही, साबणाचं पाणी बस्स. चिरा बऱ्याचदा अशानेच पडतात, नाहीतर भोक घट्ट ठेवल्याने. अॅक्रेलिक मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ मिमी वाढतं, म्हणजे ५० अंशांच्या फरकाला तुमची ६२ सेमीची पाटी २ मिमीच्या वर सरकते. तुम्ही जळगाव जिल्ह्यात, जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यात उन्हातल्या प्लास्टिकला ५० अंश सहज होतात. म्हणून ५ मिमीच्या बोल्टला अॅक्रेलिकमध्ये ७ मिमीचं भोक, आणि बोल्टचं डोकं सपाट बसणारं, कोनात उतरणारं नको. सील करायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन (आंबट वास न येणारं) किंवा ब्यूटाईल टेप (चिकट रबरी पट्टी). पॉलीसल्फाईडचं सीलंट अॅक्रेलिकला चालत नाही. सिकाफ्लेक्स कंपनीचं सीलंट घ्यायचंच असेल तर २९५ यूव्ही, ते प्लास्टिकच्या खिडक्यांसाठीच बनवलेलं आहे, पण त्याची तयारी डब्यावर लिहिल्याप्रमाणेच करा. बोल्ट पहिल्या दिवशी अर्धेच आवळा, सगळं सीलंट बाहेर पिळून काढलं तर आत उरणार काय?

एमआयडीसीवाला

लाकडाला विरोध नाही, पण अजून एक पर्याय. जळगावला लेझर कटिंगवाले आहेत, २ मिमी अॅल्युमिनियमची रिंग कापून पावडर कोटिंग करून घ्या. ८ मिमीचा बाक हाताने येतो, जाडी दिसत नाही आणि पॉलिशची कटकट नाही. फक्त समुद्रावर जाणार म्हणून स्टीलचा स्क्रू आणि अॅल्युमिनियम यांच्यात नायलॉनचं वायसर टाका, नाहीतर खाऱ्या हवेत स्क्रूभोवती पांढरी पावडर यायला लागते आणि कोटिंग उचलतं.

रंगरेषा

दादा, मी इंटिरियर करते, होडी कधी केली नाही पण छोट्या खोल्या भरपूर केल्यात. २१ फुटी होडीची केबिन म्हणजे माझ्या हिशोबाने एक मोठं कपाट. तिथे ६० मिमी रुंद गडद सागवानी चौकट टाकली तर खिडकी अजून बारकी दिसेल. रुंदी ३५-४० मिमीच्या पुढे नेऊ नका आणि नट झाकायला जेवढी लागते तेवढीच घ्या. चौकटीच्या मागची भिंत आणि छत पांढरं करा, झगझगीत नको, सायीसारखं, मॅट. लाकूड फक्त चौकटीला आणि जिन्याच्या कडेला, बाकी कुठे नको.

दोन्ही चौकटींची वरची कड एका रेषेत येऊ द्या, जरी खिडक्या कापताना कोणी वरखाली केल्या असल्या तरी. १८ सेमी उंचीच्या खिडकीत ५ मिमीचा फरकसुद्धा समोरासमोर बसलं की खुपतो. तो फरक खालच्या पट्टीच्या रुंदीत जिरवा, खाली कोणी बघत नाही. आणि पडद्याची तार चौकटीवर ठोकू नका, वर छताला घ्या.

खिडकीला काळी फिल्म लावायचा विचार असेल तर त्यापेक्षा हलका धुरकट अॅक्रेलिकच घ्या.

सावदेकर

सगळ्यांचे आभार, खरंच. ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मोजलं, दोन्ही खिडक्यांत ७ मिमीचा फरक निघाला! इतक्या दिवसांत साडूंच्याही लक्षात आलं नव्हतं, आता त्यांना सारखं तेच दिसतंय.

तर ठरलं असं. आधी बाल्साचं काम, मग भिंत पांढरी, मग ३८ मिमी रुंद सागवानी चौकट, चार तुकड्यांची, चार स्क्रूवर, काढता येणारी. अॅल्युमिनियम साडूंना आवडलं होतं पण घरच्या तुळईचं लाकूड आहे म्हटल्यावर तेच म्हणाले लाकूडच लावू. खोपटातून तुळई काढली, चुंबक फिरवलं, एवढे खिळे निघाले की मिस्तरी म्हणाला ही तुळई होती का खिळ्यांचं दुकान.

शेवटचं विचारतो. पॉलिश कोणतं? मिस्तरी मेलामाईन म्हणतोय, त्याचा त्यावर हात बसलाय. आणि सकाळी खिडकीच्या आतून पाणी ओघळतं असं साडू म्हणतात, म्हणजे गळती नसताना सुद्धा. ते लाकडावर साचलं तर?

धुळ्याचा रंधा

मेलामाईन घरातल्या कपाटाला. तिथे पीयू (पॉलीयुरेथेन) घ्या, दोन भागांचं, बाहेरच्या कामाला चालणारं, सॅटिन. पाठ आणि कापलेली टोकं पण रंगवा, मिस्तरी ती हमखास सोडतात कारण दिसत नाहीत. चिकटवण्याआधी सागाला अॅसिटोनचा फडका मारा, सागात तेल असतं, जोड धरत नाही. अॅक्रेलिक तेव्हा शेडच्या बाहेर ठेवा.

खाडीवरचा

ओघळतं ते दवाचं पाणी. रात्री दोन माणसं बंद केबिनमध्ये झोपली की श्वासाची वाफ थंड अॅक्रेलिकवर जमते. खालच्या पट्टीची वरची बाजू सपाट ठेवू नका, केबिनच्या बाजूला १० अंश उतार द्या आणि मागे, अॅक्रेलिककडे, फट राहू देऊ नका, पाणी तिथेच बसतं आणि सागसुद्धा काळा पडतो. ओघळ पुढे आला तर फडक्याने पुसता येतो. झोपताना पुढचं झाकण बोटभर उघडं ठेवायला साडूंना सांगा, निम्मं पाणी तिथूनच जाईल.

स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ घ्या, ३०४ समुद्रावर तांबूस डाग धरतो. तिकडे दुकानात मिळाले नाहीत तर साडूंना उरण-पनवेलहून आणायला सांगा, सोबत चार जास्तीचे. स्क्रू बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या खोलगट भागात) पडला की परत सापडत नाही.