डायलेटर घालण्याआधी

मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनचा कॅथेटर टाकताना रक्त काळसर आहे, उसळत नाही, म्हणजे सुई शिरेतच, एवढ्यावर डायलेटर (कॅथेटरसाठी वाट रुंद करणारी जाड नळी) घालू नये. बीपी पडलेलं आणि सॅच्युरेशन कमी असेल तर कॅरॉटिडमधलं (शेजारच्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतलं) रक्तही तसंच दिसतं. त्यापेक्षा कॅन्युलाला (सुईवरून आत सरकवलेल्या बारीक नळीला) 50 सेंमीची नळी जोडा, खाली धरून रक्ताने भरू द्या, मग उभी करा. शिरेत असाल तर स्तंभ उतरतो आणि श्वासाबरोबर हलतो. धमनीत चढतच राहतो. सोनोग्राफीवर गाइडवायर (जिच्यावरून डायलेटर आणि कॅथेटर सरकवतात ती तार) आडव्या छेदात दिसली म्हणून थांबू नका. उभ्या छेदात खालपर्यंत माग काढा. मागची भिंत भेदून धमनीत घुसलेली वायर तिथेच सापडते. आणि जाड कॅथेटर कॅरॉटिडमध्ये गेलाच, तर ओढून काढायचा नाही! जागीच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा. काढून नुसतं दाबून धरण्यात हेमॅटोमा (साचलेल्या रक्ताची गाठ) आणि पक्षाघात, दोन्हींचा धोका.